हातखंब्याला अडकलेला भोंगा

आमची आळी धोक्यात असल्याचं आम्हाला एका मंगळवारी सकाळी कळलं. सोमवारपर्यंत ती धोक्यात नव्हती. मासळी गोठवण्याचा कारखाना होता तिथेच होता, त्यातला अमोनिया होता तेवढाच होता, आणि आमच्या मागच्या दारातून त्याची भिंत पूर्वी दिसायची तेवढीच दिसत होती. बदलले होते ते नियम. मोठ्या अपघाताचा संभव असलेले कारखाने कोणते, हे ठरवणारी साठ्याची मर्यादा खाली आली, आणि इतकी वर्षं नुसता वास मारणारा आमचा शेजारी सरकारदरबारी एकदम गंभीर झाला. त्याच्याबरोबर आम्हीही.

ही बातमी घेऊन आले कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, विनीत. सज्जन माणूस. बोलताना डोक्यावरचं पिवळं शिरस्त्राण काढून पोटाशी धरायचे, त्यामुळे ते कुणाच्या तरी समाचाराला आल्यासारखे वाटत. त्यांनी सांगितलं की नव्या नियमांप्रमाणे भिंतीबाहेरच्या लोकांनाही माहिती द्यायची, त्यांचा सराव घ्यायचा, आणि त्यासाठी आळीतला एक प्रतिनिधी हवा.

आळीने माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे.

"बाईंना गॅसचं सगळं समजतं," दत्ताराम म्हणाले. ते मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन आलेले, आणि आळीतल्या प्रत्येक गोष्टीचं वाटप त्यांच्याकडे आपोआप येतं. "मॅडम, तुमी टेन्शन घेऊ नका. फक्त जबाबदारी घ्या."

"माझ्या शेगडीचा गॅस पण वाईच बघ गो," शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या. "भगभग करतो."

मी हो म्हटलं. शेगडीला नव्हे, प्रतिनिधी व्हायला. (शेगडीही नंतर बघावीच लागली.)

हो म्हणण्याचं खरं कारण घरात पडवीत बसलं होतं. मी त्यांना नावाने हाक मारत नाही, पण लिहिताना सोयीचं म्हणून सुहास लिहिते. सुहास याच कारखान्यात कंप्रेसर विभागाचे प्रमुख होते. निवृत्त झाले, काही वर्षं बरी गेली, आणि मग त्यांची आठवण हळूहळू कमी होऊ लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो का ते, मग मी कोण ते. शेवटचं रोज नाही. काही दिवस मी असते, काही दिवस मी "बाई" असते. दोन्ही दिवशी ते माझ्याशी फार आदराने वागतात.

आमची मुलगी तेजल पुण्याला असते. तिने तिथे एक निवास बघून ठेवला होता. अशा माणसांसाठी, स्वच्छ, बाग असलेला, जवळच आईलाही खोली मिळेल असा. मी नाही म्हणत होते. कंप्रेसरच्या घरघरीत ज्यांचं आयुष्य गेलं ते त्या घरघरीच्या अंतरावर असले तर बरे राहतात, असं माझं मत होतं. याला पुरावा नव्हता. आळी धोक्यात आल्याचं तेजलला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, गॅस सुटला आणि बाबा उठलेच नाहीत तर? तू त्यांना उचलणार आहेस?"

मी ते गणित करून पाहिलं होतं. नाही उचलू शकत.

"मग असं करू," ती म्हणाली. तिला वाटाघाटी चांगल्या जमतात, नोकरीच ती आहे. "सरावाला मी येते. भोंगा झाल्यावर बाबा तुझ्याबरोबर शाळेच्या मैदानात पोचले, तर पुण्याचा विषय मी परत काढणार नाही. नाही पोचले, तर तू अडवायचं नाहीस."

अट स्पष्ट होती, मोजता येण्यासारखी होती. मला आवडली. मी मान्य केली.

पहिलं काम पत्रकाचं. कारखान्याने दिलेलं पत्रक असं सुरू होत होतं: "उपरोक्त वायूच्या अनियंत्रित उत्सर्जनप्रसंगी बाधित क्षेत्रातील रहिवाशांनी वाऱ्याच्या लंब दिशेने मार्गक्रमण करावे." मी ते यमुनाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदर सावरून हळू आवाजात विचारलं, "कुणाच्या बाराव्याचं हाय गो?"

मी पुन्हा लिहिलं. भोंगा झाला की आधी शेगडी बंद करा. फडकं ओलं करून नाकातोंडावर धरा, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. वारा वाहतो त्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवं चाला. शाळेच्या मैदानात जमा. आणि शेवटी: चुकलेल्या माणसाला शोधायला मागे फिरू नका.

"मॅडम, शेवटचं वाक्य जरा कठोर नाही वाटत?" विनीत म्हणाले.

"कठोर नाही. बरोबर आहे," मी म्हटलं. शोधायला मागे फिरलेली माणसंच अशा अपघातांत जास्त सापडतात, हे मी वाचलेलं होतं. मंजुरीसाठी ते पत्रक एका कार्यालयातून दुसऱ्यात गेलं, दुसऱ्यातून पहिल्यात आलं, कारण त्यात "मार्गक्रमण" नव्हतं. "चाला" या शब्दाला अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते तो हुकूम वाटत होता. मी म्हटलं, तो हुकूमच आहे. शेवटी "कृपया चाला" यावर तडजोड झाली.

पत्रक घरोघर वाटल्यावर मी आळीची सभा घेतली. गार अमोनिया सुरुवातीला जमिनीलगत सरकतो आणि मग वर जातो, हे मी फळ्याशिवाय शक्य तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हणजे माळ्यावर चढायचं?" दत्तारामांनी विचारलं.

"नाही."

"मग खाली बसायचं?"

"नाही. आडवं चालायचं."

"खेकड्यागत," यमुनाबाई म्हणाल्या, आणि सभा संपली. अनेक वर्षं शिकवलं, पण एखादा धडा एका शब्दात पुरा झालेला मी प्रथमच पाहिला. मला जरा लागलंही.

मैदानाचा प्रश्न सोपा असायला हवा होता. शाळा कारखान्यापासून दूर, बाजूला, उंचावर. पण दत्तारामांनी त्यांचं खळं देऊ केलं होतं, सारवलेलं, वर मांडव, बसायला बाकं. तेवढ्यावरून यमुनाबाई उखडल्या. त्यांच्या दोघांच्या मध्ये एक दगडी गडगा आहे, आणि तो गडगा एके वर्षी पावसात ढासळून परत रचताना कुणाच्या तरी बाजूला सरकला. कुणाच्या ते दोन्ही घरांत वेगवेगळं सांगतात. "त्याच्या खळ्यात मी पाय ठेवायची नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "गॅसनं मेलं तरी चालंल."

"ऐकलात मॅडम?" दत्ताराम म्हणाले. "सरकारचा नियम बदलला, पण ह्यांचा नाय बदलणार."

शाळाच ठरली. खळं हुकल्याची भरपाई म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी दत्तारामांच्या ताब्यात दिली. नारिंगी-पांढरी, छान दिसायची. त्यांनी ती खांबावर चढवली, आणि वाऱ्याने फाटेल म्हणून तिची दोन्ही टोकं सुतळीने बांधून टाकली.

या सगळ्या काळात माझं खरं काम घरात चालू होतं. कारखान्यासाठी नवा भोंगा मागवला होता. जुन्याचा आवाज भिंतीबाहेर नीट जात नव्हता म्हणून. नव्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण विनीतकडे फोनवर होतं, ते मी मागून घेतलं. तीन चढते सूर, आणि मग एका स्त्रीचा आवाज: "कृपया घाबरू नका." तो ऐकून यमुनाबाईंची मांजर दोन दिवस माळ्यावरून उतरली नाही.

मी तो रोज चहानंतर सुहासना ऐकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फोनकडे बघून नमस्कार केला. मग हळूहळू जमलं. आवाज झाला की ते उठायचे, मी ओला रुमाल द्यायचे, ते माझा हात धरायचे आणि आम्ही पाखाडीच्या पायऱ्या चढून शाळेकडे जायचो. मैदानातल्या जांभळाखालच्या पारावर बसायचो. ते विचारायचे, "आता?" मी म्हणायचे, "आता झालं." मग आम्ही परत यायचो. चूक झाली नाही अशा दिवसांची रांग लांब होत गेली. खरं सांगायचं तर सराव झाला नसता तरी मला तो रस्ता चालला असता. परतताना ते कधीकधी कंप्रेसरबद्दल बोलायचे, आणि तेव्हा त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत जायचं.

सरावाच्या सकाळी तेजल आदल्या दिवशीच्या प्रवासाने थकलेली, पण वेळेवर मैदानात जाऊन उभी राहिली. जिल्ह्याहून निरीक्षक आले होते. मी दत्तारामांशी सुतळीवरून वाद घालत होते.

"अहो, ती सुटी असेल तरच दिशा दाखवेल."

"सुटी सोडली तर जाईल मॅडम. कारखान्याचा माल हाय, भरून द्यावा लागंल."

तेवढ्यात विनीतचा फोन आला. नवा भोंगा घेऊन येणारा ट्रक वाटेत हातखंब्याला बंद पडला होता. ड्रायव्हरचं म्हणणं, गॅरेजवाला जेवायला गेला आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, ड्रायव्हरच जेवायला गेला आहे. "पण काळजी नको मॅडम, निरीक्षक आलेत, तारीख बदलता येणार नाही. शेडमधला जुना भोंगा काढलाय. फाटकावरच्या काशीरामने तेल घातलंय. तोच वाजवतो. चालेल ना?"

मी सुतळीची गाठ सोडवत होते. म्हटलं, "चालेल."

प्रयोगशाळेत मी हा शब्द कधी वापरला नव्हता.

गाठ अर्धवटच सोडून घरी आले. सुहास पडवीत. रुमाल ओला करून तयार ठेवला. आणि जुना भोंगा वाजला.

तो नव्यासारखा सुरांत नव्हता. खोल, खरखरीत, पोटातून उठल्यासारखा होता, आणि बंद झाला असं वाटेपर्यंत पुन्हा चढायचा. मी पत्रकाप्रमाणे आधी शेगडी बंद करायला आत गेले. पत्रक माझंच होतं. बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती. न्हाणीच्या दाराशी पाण्याचे थेंब होते, खुंटीवरचा टॉवेल नव्हता, आणि मागचं दार उघडं होतं.

समोरच्या दाराने गेले असते तर शाळा. मागच्या दाराने कारखाना.

मी मागे धावले. वळणावर नारिंगी जाकीट घातलेला कारखान्याचा स्वयंसेवक उभा होता. त्याने दोन्ही हात पसरले. "मॅडम, मैदान तिकडे."

"माझे मिस्टर इकडे गेलेत."

"मॅडम," तो नम्रपणे म्हणाला, "तुमीच लिवलंय. शोधायला मागं फिरू नका."

त्याच्या हातात माझं पत्रक होतं. बोट शेवटच्या ओळीवर. मी त्याला बाजूला ढकललं. अनेक वर्षं मी कुणाला ढकललेलं नव्हतं; तो माझ्या धक्क्याने नाही, आश्चर्याने बाजूला झाला असावा.

आळीत त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. घरं रिकामी करायला स्वयंसेवक दारोदार गेले होते. आपल्याकडे दारात आलेला माणूस दारातून परत पाठवायची पद्धत नाही. यमुनाबाई म्हणाल्या, "येवा, बसा वाईच, च्या टाकते." तो म्हणाला, काकू, गॅस सुटलाय, बाहेर पडा. त्या म्हणाल्या, "सुटू दे, कोरडा कसा जाशील?" पुढच्या घरात कोकम सरबत झालं, त्यापुढे खोबऱ्याची वडी. निरीक्षकांच्या घड्याळाप्रमाणे आमची आळी पूर्ण गुदमरून गेल्यानंतर बऱ्याच वेळाने स्वयंसेवक तोंड पुसत मैदानात पोचले.

सुहास कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली, ओला टॉवेल नाकातोंडावर नीट बांधलेला. ते नारळाच्या झावळ्यांकडे बघत होते, वारा कुठून आहे ते. त्यांच्यासमोर काशीराम, फाटकावरचा जुना पहारेकरी, ताठ उभा होता.

"कोण कोण आत आहे?" सुहास विचारत होते.

"कोण नाय साहेब. सगळी भायेर."

"रिसीव्हर टाकीचा वाल्व?"

"बंद केला साहेब."

"मी बघतो. माझ्याशिवाय कुणी आत जायचं नाही."

तेव्हा मला समजलं. नव्या भोंग्याचा अर्थ मी त्यांना शिकवला होता: मैदानात जा. या भोंग्याचा अर्थ त्यांना कारखान्याने शिकवला होता, माझ्या आधी, आणि माझ्यापेक्षा चांगला. बाकीच्यांनी बाहेर पडायचं. यांनी आत जायचं.

मी जवळ गेले. हाक मारली, "अहो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉवेलच्या वर फक्त डोळे होते, आणि ते वर्षभरात पाहिले नव्हते इतके स्वच्छ होते. "बाई, तुम्ही इथे थांबू नका," ते म्हणाले. "वाऱ्याला आडवं चालत शाळेकडे जा. आणि एक काम करा. त्या पाखाडीखालचं तिसरं घर आमचं. घरी सांगा, मी ड्यूटीवर आहे. वाट बघू नको म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.

"ती ऐकणार नाही. मला शोधायला इकडे येईल. हाताला धरून न्या तिला. मुलगी लहान आहे आमची, तिला कडेवर घ्या."

माझ्या मागे पावलं थांबली. तेजल मैदानातून धावत आली होती. धाप लागलेली, चष्मा घसरलेला, चाळिशीला आलेली आमची लहान मुलगी. तिने सगळं ऐकलं. तिने माझ्या हाताला धरलं.

काशीरामने फाटक थोडं उघडलं, साहेबांना आत घेतलं, कंप्रेसरच्या दारापर्यंत नेलं आणि वाल्व दाखवला. सुहासनी तो हाताने तपासला. बंद होता. मग टॉवेल खाली उतरला, आणि त्यांनी काशीरामला विचारलं की हे कुणाचं घर आहे.

मैदानात विनीतनी निष्कर्ष वाचून दाखवले. वाऱ्याची नळी: निष्क्रिय, सुतळीमुळे. रहिवासी: उशिरा, पण सर्व हजर, एक वगळता. "एक ज्येष्ठ नागरिक बाधित क्षेत्रात आढळले. सरावापुरते," त्यांनी पोटाशी धरलेलं शिरस्त्राण जरा घट्ट धरलं, "मृत समजण्यात येत आहेत."

"आरे मेल्या!" यमुनाबाई उभ्या राहिल्या. "माणूस समोर बसून वडी खातोय, आणि मेला म्हणून लिवतोस?"

"काकू, सराव आहे."

"सरावाला पण असलं लिवू नये. खोड ते."

"यमुनाबाय बरोबर बोलतात," दत्ताराम म्हणाले. त्या दोघांचं एका बाजूने मत पडल्याचं आळीने कित्येक वर्षांनी ऐकलं. "मॅडम, आमी हाव ना. भोंगा झाला की साहेबांना मी धरीन. एक बाजू मी, एक बाजू ह्या." यमुनाबाईंनी मान हलवली. दत्ताराम ज्या बाजूला नाहीत ती त्यांची.

पारावर सुहास वडी खात होते. त्यांनी मला विचारलं, "आता?"

"आता झालं," मी म्हटलं.

घरी आल्यावर तेजलनेच विषय टाळला. भांडी लावली, झावळ्या मोजल्यासारखं खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, आज भोंगा वेगळा होता. हे धरायचं नाही. नवा आला की परत करू."

मला मोह झाला. आक्षेप शास्त्रीय होता. पण नवा भोंगाही एक दिवस बिघडेल, आणि काशीराम जुन्याला तेल घालेल. आणि खरा गॅस सुटलेला असेल तेव्हा फाटकावर त्यांना ओळखणारं कुणी नसलं तर ते आत जातील. असलं, तरी जातील. त्यांना उचलता येत नाही हे मला माहीत होतं. त्यांना थांबवताही येणार नाही हे आज कळलं.

"खोली बघून ठेव," मी म्हटलं. "दोघांची."

तेजल मग न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. यमुनाबाईंनी गडग्यावरून वड्यांचा डबा दिला, आणि तो घ्यायला दत्ताराम त्यांच्या खळ्यातून गडग्याशी आले, कारण गाडीला त्यांची बाजू जवळ पडत होती. वाऱ्याची नळी आता सुटी होती आणि व्यवस्थित दिशा दाखवत होती. तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

हातखंब्याला गाडी थांबली. तेजल पाणी आणायला उतरली. गॅरेजसमोर एक ट्रक उभा होता, टपावर नव्या लाकडी खोक्यात काहीतरी, खोक्यावर आमच्या कारखान्याचं नाव. ड्रायव्हर चाकाला टेकून जेवत होता.

सुहास माझ्या शेजारी बसून बाहेर बघत होते. एकदम वळून म्हणाले, "बाई, आमच्या घरी निरोप दिलात का?"

"दिला."

"काय म्हणाली?"

"वाट बघते म्हणाली."

त्यांनी मान हलवली. "तुम्हाला म्हटलं होतं. ऐकत नाही ती."

"नाही ऐकत," मी म्हटलं.